कच्चं दक्षेशनं, पक्कं कुमुदबेननं

सुरतेच्या रिंग रोडवर एका कापड मार्केटच्या पाचव्या मजल्यावर परिमलभाईंचं ऑफिस होतं. साडीवाल्या शेठलोकांना वेबसाइट बनवून द्यायची, हा त्यांचा धंदा. त्या ऑफिसात दक्षेश चेवली अकरा वर्षं रंग लिहीत बसला होता. तसं त्याचं काम सगळ्या पानाची सजावट लिहायचं. अक्षरं केवढी, चौकटी कुठं, समास किती. पण ते कुणीही लिहील. दक्षेशची शेखी होती ती रंगांत.

वेबसाइटवर प्रत्येक साडीच्या फोटोखाली छोटे गोल ठिपके असतात. ही साडी एवढ्या रंगांत मिळेल, असं सांगणारे. प्रत्येक ठिपक्याचा रंग स्टाइलशीट नावाच्या फाइलीत लिहावा लागतो, आणि तो लिहायची दक्षेशची रीत म्हणजे सहा अक्षरांचा कोड. पहिली दोन लाल किती ते सांगतात, मधली दोन हिरवा, शेवटची दोन निळा. खालच्या दुकानातून कुणी शेठ यायचा, साडीची घडी टेबलावर टाकायचा आणि म्हणायचा, "राणी रंग आहे, लिही." दक्षेश मान वर न करता बोलत बोलत टाइप करायचा, "सी सात, एक पाच, आठ पाच." शेठ अवाक. घडी उलगडलेलीसुद्धा नसायची.

मार्केटात त्याला 'मीटर' म्हणायचे. पोरंटोरं मुद्दाम विचारायची, "मीटरभाई, या चहाचा कोड काय?" तो कप उजेडात धरून सांगायचा. एका लग्नात जेवणाच्या पंगतीत बसल्या बसल्या त्यानं नवरीच्या शालूचा कोड सांगितला होता, तेव्हा त्याची बायको निमिषा पुरती शरमली होती. दक्षेशला मात्र त्या दिवशी जेवण दुप्पट गेलं. माणसाला कशाचा तरी गर्व लागतोच. ह्याला ह्याचा होता.

आता ग्राहक साड्या परत पाठवायचे, हे खरं. 'फोटोखाली दाखवला तो रंग नाही' असं लिहून पाठवायचे. दक्षेशचं त्यावर ठरलेलं उत्तर होतं, "लोकांच्या मोबाइलचे पडदे भिकार आहेत, त्याला मी काय करू?" आणि शेठलोकही मान डोलवायचे, कारण दुसरं कुणी सांगणारं नव्हतं.

मग दिवाळीनंतर एका सोमवारी परिमलभाई एका बाईंना घेऊन आले.

"ह्या कुमुदबेन खत्री," ते म्हणाले. "पांडेसऱ्याच्या गिरणीत बावीस वर्षं लॅबमध्ये शेड जुळवत होत्या. गिरणी बंद पडली. आपल्या साडीवाल्या गुणवंतशेठनी पाठवलंय. त्यांचा लगनसराईचा कॅटलॉग येतोय, त्यात रंगाची एकही तक्रार नको म्हणतात."

कुमुदबेन बावन्न वर्षांच्या होत्या. अंगावर राखाडी साडी, राखाडी ब्लाउज, हातात कापडी पिशवी. दक्षेशनं मनात लगेच हिशेब केला: विधवा बाई, नोकरी गेली, शेठला दया आली. अशा माणसाशी चांगलं वागायला काही लागत नाही. त्यानं स्वतः उठून खुर्ची दिली, चहा सांगितला.

शिकवायलाही तोच बसला. पहिल्या दिवशी कोड समजावला. "हे बघा बेन, लाल पूर्ण आणि हिरवा पूर्ण घातला की पिवळा होतो."

"लाल आणि हिरवा मिळून पिवळा?" कुमुदबेन हसायलाच लागल्या. "दक्षेशभाई, आमच्या रंगाच्या हौदात असं केलं असतं तर नुसता चिखल झाला असता. फोरमननं मलाच हौदात बुडवलं असतं."

"इथं पाणी नाही बेन, उजेड आहे. उजेडाचं गणित वेगळं."

"असेल बाबा." त्यांनी वहीत लिहून घेतलं, पण चार दिवस डोक्यात काही शिरेना. दक्षेशला त्यांची कीव आली, आणि कीव करणं त्याला फार आवडलं. शुक्रवारी तो मोठेपणानं म्हणाला, "राहू द्या. आणखी एक रीत आहे. आळशी लोकांची. रंगांचं एक गोल चाक समजा. त्याच्यावर कुठं उभं राहायचं तो पहिला आकडा. रंग किती तिखट तो दुसरा. उजेड किती तो तिसरा. संपलं."

कुमुदबेननी चष्मा वर केला. "जागा, तिखटपणा, उजेड. एवढंच?"

"एवढंच."

"अरे, मग हे तर मी बावीस वर्षं करतेय!"

तिथं दक्षेशनं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. सोमवारी कुमुदबेननी गुणवंतशेठची एक साडी उचलली, घडी मोडली, उत्तरेकडच्या खिडकीशी नेली, पदर वेगळा बघितला, काठ वेगळा बघितला. मग थोडा वेळ आपल्या राखाडी पदराकडे बघत राहिल्या, परत साडीकडे, आणि येऊन आकडे सांगितले. परिमलभाईंनी टाइप केले. पडद्यावरचा ठिपका आणि हातातली साडी शेजारी धरली, आणि परिमलभाईंच्या तोंडून सुरती माणसाच्या तोंडून निघावी तशी एक सणसणीत, प्रेमळ शिवी निघाली.

"अल्या दक्षेश, इकडे ये! हे बघ! कापड कुठलं आणि ठिपका कुठला, सांगून दाखव!"

दक्षेशनं बघितलं. "जवळपास आहे," तो म्हणाला.

"जवळपास? तोच आहे!"

दक्षेशच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती साडी राणी होती. राणी म्हणजे सी सात, एक पाच, आठ पाच. अकरा वर्षं तेच होतं. कुमुदबेनच्या आकड्यांतून निघालेला रंग त्याहून जरा मळका, जरा जांभळाकडे झुकलेला होता, आणि कापडही नेमकं तसंच होतं, हे त्याला दिसलं. दिसलं म्हणूनच जास्त झोंबलं.

त्यानंतर त्याला बाईंचं काहीच सहन होईना. ट्यूबलाइट लावली की त्या उठून बंद करायच्या. "या उजेडात दोन कापडं जुळी वाटतात, बाहेर नेली की सावत्र," म्हणायच्या. चारनंतर रंग बघायच्या नाहीत. उजेड पिवळा होतो म्हणे. दक्षेशची खिडकीजवळची खुर्ची परिमलभाईंनी त्यांना दिली. शेठलोक वर आले की आता थेट खिडकीकडे जायचे. "बेन, जरा हा रामा हिरवा बघा ना," "बेन, हा मोरपिच्छ बघा." जाता जाता दक्षेशला "काय मीटरभाई, मजेत?" एवढंच. आजारी माणसाला विचारतात तसं.

एकदा डबा खाताना त्यानं मुद्दाम विचारलं, "बेन, आता किती दिवस राखाडी नेसणार? जग बदललंय. विधवा बायकासुद्धा रंगीत नेसतात."

"विधवा?" कुमुदबेनना ठसका लागला. "माझे मिस्टर चांगले धडधाकट आहेत! आत्ता जावयाबरोबर पत्ते खेळत लबाडी करत असतील. अहो भाई, भडक नेसलं तर त्याची झाक समोरच्या कापडावर पडते. आमच्या लॅबमध्ये सगळ्याच राखाडी. लोक आम्हाला कबुतरं म्हणायचे."

सगळं ऑफिस हसलं. परिमलभाई तर टेबलावर हात आपटून हसले. दक्षेशही हसला, आणि त्याला कळलं की आपल्याकडे कीव करायलाही काही उरलं नाही.

घरी तो तोच विषय काढायचा. "बाईला कॉम्प्युटर चालू करता येत नाही धड, आणि..."

"खावसा गार होतोय," निमिषा म्हणायची. "आणि त्या बाईचं नाव तुम्ही जेवायला बसल्यापासून चौथ्यांदा घेतलंत. माझं एकदा तरी घ्या."

कॅटलॉगमध्ये सगळ्या मिळून एकशे बारा रंगांच्या साड्या होत्या. परिमलभाईंनी कामाची वाटणी केली तीच दक्षेशच्या वर्मी लागली. "असं करू. गुणवंतशेठची यादी आली की तू नावांवरून रंग भरून टाक, म्हणजे पान उभं राहील. मग साड्या येतील तशा बेन बघून खाली आपले आकडे लिहितील. कच्चं तू, पक्कं बेन."

कच्चं तू! ज्याच्या कोडवर अर्धं मार्केट चाललं तो कच्चा! दक्षेशनं मान डोलवली, 'चालेल' म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच खाली टपरीवर जाऊन एकटाच कोल्ड कोको प्यायला.

या फाइलीचा एक नियम असतो. एकाच ठिपक्यासाठी दोन रंग लिहिले, तर खाली लिहिलेला जिंकतो. म्हणून वर दक्षेशचे एकशे बारा रंग होते, खाली कुमुदबेनचे एकशे बारा, आणि पानावर दिसायचे ते कुमुदबेनचे. त्यांनी दक्षेशची एकही ओळ पुसली नाही. "तुमचं लिहिलेलं मी कशी खोडू?" म्हणाल्या. बाईंनी अदब दाखवली, आणि दक्षेशला वाटलं, जखमेवर मीठ चोळतायत. आपलं सगळं तिथंच आहे आणि कुणाला दिसत नाही, याच्याइतका जळफळाट त्याला उभ्या आयुष्यात झाला नव्हता.

पण त्या नियमाला एक अपवाद आहे. ओळीच्या शेवटी उद्गारचिन्ह टाकून 'इम्पॉर्टंट' एवढा एक शब्द लिहिला, की ती ओळ कुठंही असो, तीच जिंकते. खालच्या ओळी मग असून नसल्यासारख्या. जाणकार लोक हा शब्द टाळतात. लिहिणाऱ्याला लाज वाटावी असाच तो शब्द आहे.

पान खुलं व्हायच्या आदल्या दिवशी कुमुदबेन चारच्या आत एकेक ठिपका साडीशी ताडून, आपलं काम संपवून घरी गेल्या. दक्षेशनं आपल्या एकशे बारा ओळींच्या शेवटी तो शब्द चिकटवला. दोन मिनिटांचं काम.

त्याच्या मनात पाप होतं, पण त्याच्या मते ते न्यायाचं पाप होतं. पान खुलं होईल, तक्रारी येणार नाहीत, गुणवंतशेठ खूश होतील, परिमलभाई पेढे वाटून म्हणतील, "वाह, बेन!" आणि तेव्हा आपण शांतपणे उठायचं आणि दाखवायचं की हे सगळे रंग बेनचे नव्हतेच, माझे होते. त्या क्षणीचं परिमलभाईंचं तोंड तो मनात इतक्या वेळा बघून चुकला होता की आता ते खरंच व्हायचं बाकी होतं.

दहा दिवसांत साड्या परत यायला लागल्या. आधी पाच, मग पंधरा, मग पोतंभर. एका सोमवारी गुणवंतशेठ स्वतः वर आले, पोतं खिडकीशी उपडं केलं. "बेन, हा तुमचा राणी? हा तुमचा गाजरी? तुमच्या भरवशावर मी लोकांना जबान दिली होती."

कुमुदबेननी राणी साडी उचलली, पडद्याशेजारी धरली. त्यांचा चेहरा उतरला. पडद्यावर कोराकरकरीत, झगझगीत राणी होता आणि हातात मळकट, जांभळाकडचा. लहान मुलालाही फरक दिसला असता.

"मी हा पसंत केला?" त्या म्हणाल्या. फाइल उघडून त्यांनी खाली आपली ओळ बघितली. आकडे त्यांचेच होते, वहीतलेच. "आकडे तर माझेच आहेत. मग मला त्या दिवशी हा बरोबर कसा दिसला?"

दक्षेशच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती: झगझगीत राणी त्याचा होता. गाजरी त्याचा होता. पोत्यातली प्रत्येक साडी त्याच्या कोडमुळे परत आली होती. अकरा वर्षं लोकांचे पडदे भिकार नव्हते. आता तोंड उघडलं असतं तर लबाडी तर कळलीच असती, पण मीटर बिघडलेला आहे हेही कळलं असतं, आणि यातलं दुसरं त्याला जास्त जड होतं.

गुणवंतशेठ गेल्यावर परिमलभाई हळूच म्हणाले, "दक्षेश, पुढचे रंग तूच बघ." एवढ्यासाठी तर हे सगळं केलं होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

दुसऱ्या दिवशी कुमुदबेन रजेवर होत्या. ऑफिसात बातमी आली की डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्यात. त्या दिवशी दक्षेशनं गुपचूप फाइल उघडली आणि एकशे बारा ठिकाणांहून तो शब्द काढून टाकला. पानावर पुन्हा बेनचे रंग आले. त्याला हायसं वाटलं. कुणाला कळणार नाही, तक्रारी थांबतील, बेनचीही अब्रू राहील. आपण सगळं निस्तरलं, असं त्याला खरोखर वाटलं.

शनिवारी दुपारी कुमुदबेन आल्या त्या राजीनामा घेऊनच. परिमलभाई बँकेत गेले होते, म्हणून त्या खिडकीशी वाट बघत बसल्या. दक्षेश जवळ गेला.

"काय म्हणाला डॉक्टर?"

"म्हणतो डोळे उत्तम आहेत. मोतीबिंदूचं नाव नाही." त्या हसल्या, पण हसण्यात जीव नव्हता. "त्याला काय कळतंय? त्याच्या तक्त्यावर सगळी अक्षरं काळीच. दक्षेशभाई, तुम्हाला सांगते, परवा सकाळी मुलीनं मोबाइलवर पान उघडलं. मी घरी नेलेली त्याच मालातली राणी साडी शेजारी धरली, तर सगळं बरोबर दिसलं. हुबेहूब. सोमवारी तेच चुकीचं दिसत होतं. म्हणजे डोळा कधी खरं सांगतो, कधी खोटं. सारखा खोटं बोलणारा परवडला, त्याचं माप तरी काढता येतं. असा डोळा घेऊन मी खिडकीत कशी बसू?"

दक्षेशनं निस्तरलं म्हणून जे समाधान मानलं होतं, त्यानंच बाईंचा उरलासुरला विश्वास गेला होता.

"बेन," तो म्हणाला, "डोळे बरोबर आहेत."

"बरं वाटावं म्हणून बोलताय."

"नाही. सोमवारी पानावर होते ते माझे रंग होते." आणि मग त्यानं सांगितलं. तो शब्द सांगितला, कधी टाकला ते सांगितलं, कधी काढला तेही. का टाकला, तेही सांगितलं. "तुमच्यावर जळत होतो. अजून जळतो."

कुमुदबेननी चष्मा वर केला. मग एकेक शब्द तोलून विचारलं, "म्हणजे मी पान खुलं व्हायच्या आदल्या दिवशी बघितलं, ते माझं होतं?"

"तुमचं."

"सोमवारी चूक दिसलं, ते तुमचं?"

"माझं."

"आणि परवा सकाळी बरोबर दिसलं?"

"तुमचं. तीनही वेळा तुम्ही बरोबरच बघितलंत."

त्या उठल्या. पोत्यातली राणी साडी ओढून काढली, खिडकीशी नेऊन झटकन उलगडली, आणि दोन्ही हातांत पसरून बघत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तसं ते मनगटानं पुसून पुन्हा बघितलं. मग पिशवीतून फोन काढला.

"अहो, ऐकता का! पत्ते ठेवा खाली! डोळे शाबूत आहेत माझे! हो हो, दोन्ही! अहो, मी सोमवारीसुद्धा बरोबरच बघत होते!"

दक्षेश बाजूला उभा होता. शिव्या खायची त्यानं तयारी केली होती. सुरतेत जन्म गेलेला, त्याला सगळ्या पाठ होत्या. परिमलभाई आले की त्यांना काय सांगायचं तेही जुळवून ठेवलं होतं. पण कुमुदबेन त्याच्याकडे वळल्याच नाहीत. एका हातात फोन, दुसऱ्या हातात साडीचा पदर, आणि नवऱ्याला त्या तो रंग सांगत होत्या, जणू त्याला फोनमधून दिसणारच होता. आपल्यावर रागवायचं बाई साफ विसरल्या, हे दक्षेशच्या ध्यानात आलं. अकरा वर्षांत त्यानं राणी हजार वेळा लिहिला असेल, पण तो डोळ्यांना दिसतो याचा असा आनंद त्याला एकदाही झाला नव्हता. तिथं उभ्या उभ्या त्याला कुमुदबेनचा हेवा वाटला, आणि आतापर्यंत वाटला त्या सगळ्याहून जास्त वाटला.